बुटका गहू जिबरेलिनला दाद देतो का? रोपातच ओळखायची चाचणी

गव्हाच्या दोन लाइन, म्हणजे पैदाशीतले दोन वेगळे वाण, शेजारी उभ्या आहेत. दोन्ही ८५ सेंटीमीटरच्या, दोन्ही न लोळणाऱ्या. तरी दोघींच्या बुटकेपणाचं कारण वेगळं असू शकतं आणि शेतात पट्टी लावून ते कधीच कळत नाही. एकीत जिबरेलिन हे संजीवक भरपूर तयार होतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. दुसरीत पेशी तयार आहेत, जिबरेलिनच कमी पडतं. रोप दहा-बारा दिवसांचं असताना, रेतीचे काही ट्रे आणि शंभर मिलिग्रॅम जिबरेलिक आम्ल एवढ्या सामग्रीत हा फरक ओळखता येतो. खालची रीत ग्रोथ चेंबर नसलेल्या प्रयोगशाळेसाठी किंवा बियाणे कंपनीच्या शेडसाठी लिहिली आहे, आणि हवामान नागपूरचं धरलं आहे.

विदर्भात या फरकाला पैशाचा अर्थ आहे. काळ्या जमिनीत कोरडवाहू गहू पेरताना वरचा थर वाळलेला असतो, म्हणून दाणा खाली ओलीवर टाकावा लागतो. दाण्यातून निघणारा कोंब कोलिओप्टाइल नावाच्या नळीतून वर येतो. ही नळी जमिनीच्या आतच संपली, तर पहिलं पान मातीत उघडतं, दुमडतं आणि रोप वर येतच नाही. जगभर सर्वाधिक वापरलेली गव्हाची दोन बुटकी जनुकं खोडाबरोबर या नळीलाही आखूड करतात. त्यात ऑक्टोबरअखेरची जमीन गरम असते, आणि गरम मातीत नळी आणखी आखडते. जुना उंच बन्सी खोलवरूनही का उगवायचा, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आधी एवढं ठाऊक हवं

पेशीत डेला नावाचं प्रथिन वाढीवर ब्रेकसारखं बसलेलं असतं. जिबरेलिन आलं की ते जीआयडी१ या ग्राहक प्रथिनाला चिकटतं, ही जोडी डेलाला पकडते, आणि पेशी डेलाचा निकाल लावते. ब्रेक सुटतो, पेशी लांब होते. जीआयडी१ हे २००५ मध्ये भातात सापडलं. भातातल्या डेलाचं नाव एसएलआर१, आणि गव्हात तेच काम आरएचटी१ गटाची जनुकं करतात. गव्हाचे तीन जनुकसंच असल्यामुळे ती ४ए, ४बी आणि ४डी या तीन गुणसूत्रांवर आहेत.

आरएचटी-बी१बी या अलीलमध्ये, म्हणजे जनुकाच्या एका रूपात, डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं आहे: ६४व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात) सी ऐवजी टी. आरएचटी-डी१बी मध्ये ६१व्या कोडॉनमध्ये जी ऐवजी टी. दोन्हीकडे त्या जागी ‘थांबा’ असा संदेश तयार होतो. पण पुढच्या एखाद्या आरंभबिंदूपासून प्रथिन पुन्हा बनायला लागतं आणि सुरुवातीचा तुकडा नसलेलं डेला तयार होतं. जीआयडी१ नेमकं त्याच तुकड्याला धरतं. पकडच नसल्यामुळे ब्रेक सुटत नाही. कितीही जिबरेलिन ओता, रोप तसंच. ही दोन्ही अलील, म्हणजे वर म्हटलेली ती दोन बुटकी जनुकं, नोरिन-१० या जपानी गव्हातून आली. गोंजिरो इनाझुकांनी तो १९३५ मध्ये दिला, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये त्याचं बियाणं अमेरिकेत गेलं, गहू पैदासकार ऑरविल व्होगेल यांच्या हातून नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे मेक्सिकोत पोहोचलं, आणि साठच्या दशकात लर्मा रोहो आणि सोनोरा-६४ या वाणांच्या रूपाने आपल्याकडे आलं.

भाताची गोष्ट उलट. आयआर-८ (१९६६) चा बुटकेपणा डी-जिओ-वू-जेन या तैवानी वाणातल्या एसडी१ जनुकामुळे. पहिल्या गुणसूत्रावरचं हे जनुक जीए२०-ऑक्सिडेज नावाचं विकर बनवतं, म्हणजे जिबरेलिन तयार करण्याच्या साखळीतली एक कडी. ती कडी तुटकी, म्हणून जिबरेलिन कमी. बाहेरून दिलं की रोप उंचावतं. हरितक्रांतीची दोन पिकं, दोन्हीत एकाच संजीवकाचा मामला, पण बिघाड अगदी वेगळ्या ठिकाणी.

गव्हातही दाद देणारे बुटके आहेत. २डी गुणसूत्रावरचं आरएचटी८ त्यातलं एक. ६ए वरच्या आरएचटी१८ मध्ये जिबरेलिन मोडणारं जीए२-ऑक्सिडेज जास्त बनतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आरएचटी१४ आणि आरएचटी१८ ही ड्युरम (बन्सीच्या जातीच्या) गव्हातली जनुकं वापरून काम केलं आहे, ते याच कारणासाठी: खोड आखूड हवं, पण कोलिओप्टाइल आणि रोपाचा जोम जाऊ नये.

द्रावण

चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, म्हणून हा भाग सावकाश करा.

प्रयोगशाळा दर्जाची जीए३ (जिबरेलिक आम्ल, पुढे नुसतं जीए) पावडर घ्या, शुद्धता ९०% किंवा त्याहून जास्त. शुद्धता ९०% असेल तर १०० मिलिग्रॅमसाठी १११ मिलिग्रॅम तोला. द्राक्षबागायतदार वापरतात ती तयार द्रवरूप उत्पादनं चाचणीला घेऊ नका. त्यातले द्रावक आणि चिकटद्रव्य रोपावर स्वतःचा परिणाम करतात, आणि तोच परिणाम नियंत्रणात, म्हणजे तुलनेसाठी जीए न दिलेल्या रोपांत, देता येत नाही.

जीए३ पाण्यात सहज विरघळत नाही. कोरड्या बीकरमध्ये पावडर घेऊन २ मिलिलिटर ९५% इथेनॉल टाका, हलवा, पूर्ण पारदर्शक होऊ द्या. मगच थोडं थोडं ऊर्ध्वपातित पाणी घालत १०० मिलिलिटर करा. हे झालं १००० पीपीएमचं मूळ द्रावण. आधी पाणी आणि नंतर इथेनॉल असं केलं तर पांढरे कण तळाशी बसतात, वरचं द्रावण किती ताकदीचं आहे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या सगळ्या मोजमापांना अर्थ उरत नाही.

वापरण्यासाठी मूळ द्रावणाचे १० मिलिलिटर एक लिटर पाण्यात घाला. १० पीपीएम, म्हणजे सुमारे २९ मायक्रोमोलर. नियंत्रणाच्या पाण्यात दर लिटरला ०.२ मिलिलिटर इथेनॉल टाकायला विसरू नका, कारण प्रक्रियेच्या द्रावणातही तेवढंच आहे. मूळ द्रावण गडद बाटलीत, ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि जुनं वापरण्यापेक्षा दर खेपेला नवीन करा. उष्णतेत जीए३ मोडतं, त्यामुळे ऑटोक्लेव्ह कधीच नाही. निर्जंतुक हवं असेल तर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

नागपुरात बोअरच्या पाण्याला बराच क्षार असतो. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही ऊर्ध्वपातित समजून वापरलं जातं. दोन्ही टाळा.

बी आणि नियंत्रण वाण

प्रत्येक लाइनचं सारख्या आकाराचं बी निवडा. मोठ्या दाण्याचं रोप आणि कोलिओप्टाइल जन्मतःच लांब असतं. जनुकाचा फरक शोधताना दाण्याचा फरक मोजला जाणं ही या चाचणीतली सगळ्यात शिष्ट दिसणारी चूक आहे, कारण आकडेवारी अगदी सुंदर येते. हजार दाण्यांचं वजन नोंदवून ठेवा, आणि शक्य असेल तर सगळं बी एकाच हंगामात एकाच शेतातून आलेलं घ्या.

नियंत्रण वाणांशिवाय चाचणी करूच नका. कमीत कमी दोन हवेत: एक उंच, ज्यात कोणतंच बुटकं आरएचटी अलील नाही (सी-३०६ हा भारतात यासाठी सहज मिळणारा वाण), आणि एक अर्धबुटका, ज्यात आरएचटी-बी१बी किंवा आरएचटी-डी१बी असल्याचं डीएनए तपासून ठरलं आहे. वाणाच्या माहितीपत्रकात ‘बुटका’ लिहिलंय म्हणून तो नियंत्रण होत नाही. जुन्या नमुन्यांसाठी अकोल्यातल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या प्रादेशिक केंद्राकडे रीतसर मागणी करता येते.

नुकतंच मळलेलं बी सुप्तावस्थेत असतं आणि मागेपुढे उगवतं. म्हणून बी १% सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं ठेवून चार-पाच वेळा धुवा, ओल्या गाळणकागदावर पेट्री प्लेटमध्ये पसरा आणि दोन दिवस फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवा. मग एक दिवस खोलीच्या तापमानाला. ज्यांचं मूळ एकसारखं २ ते ३ मिलिमीटर बाहेर आलंय तेवढेच दाणे पेरायला घ्या. गरजेपेक्षा दीडपट बी भिजवलं तर निवडायला वाव राहतो.

पेरणी आणि पाणी

माध्यम म्हणून कन्हानची रेती चांगली. १ ते २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उन्हात कडक वाळवा. काळी माती वापरू नका. तिच्यातली चिकणमाती आणि सेंद्रिय भाग जिबरेलिन धरून ठेवतात, जंतू ते खातात, आणि शेवटी मोजायला रोप उपटलं की मूळच तुटतं.

तळाला भोकं असलेले ट्रे घ्या, ७ ते ८ सेंटीमीटर रेती भरा. दाणे नेमके २ सेंटीमीटर खोल. पेन्सिलीवर खूण करून भोकं पाडली की खोली सगळीकडे सारखी राहते. ही खोली महत्त्वाची, कारण मोजमाप दाण्यापासून वर होणार आहे.

मांडणी अशी: तीन ट्रे जीएचे, तीन ट्रे नियंत्रणाचे, आणि प्रत्येक ट्रेमध्ये प्रत्येक लाइनचे पाच दाणे, ओळींचा क्रम दर ट्रेमध्ये चिठ्ठ्या टाकून बदललेला. म्हणजे प्रत्येक लाइनची दर प्रक्रियेला पंधरा रोपं. एकाच ट्रेमध्ये अर्ध्या भागाला जीए आणि अर्ध्याला पाणी असा शॉर्टकट घेऊ नका. रेतीतून द्रावण सरकतं, आणि नियंत्रणाच्या कडेची रोपं गुपचूप लांब होतात.

पहिल्या दिवशी रेतीच्या जलधारण क्षमतेइतकं द्रावण द्या. ते काढायला एक किलो कोरडी रेती कुंडीत घेऊन पाणी ओता, निथळू द्या आणि वाढलेलं वजन मोजा. नंतर ट्रे दर दोन दिवसांनी वजन करून तूट भरून काढा: जीएच्या ट्रेला जीएचंच द्रावण, नियंत्रणाला इथेनॉलचं पाणी. खतद्रावण दहा दिवसांच्या चाचणीला लागत नाही, दाण्यातला साठा पुरतो.

तापमान १८ ते २२ अंश. नागपुरात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खिडक्या बंद असलेल्या खोलीत हे साधारण जमतं. डिसेंबर-जानेवारीत उघड्या शेडमध्ये रात्री पारा १० अंशाच्या आसपास उतरतो, आणि तिथे एक छुपी अडचण आहे. थंडीत उंच वाणही हळू वाढतो, त्यामुळे उंच आणि बुटक्यातलं अंतर आपोआप कमी होतं आणि चाचणीची धार जाते. ट्रे रात्री आत घ्या. एप्रिल-मे मध्ये कूलरवर भरवसा ठेवून ही चाचणी करायला जाऊ नये.

उजेड रोज १२ ते १४ तास, ट्यूबलाइटचा एकसारखा. अंधुक कोपऱ्यात नियंत्रणाची रोपंही उजेडासाठी ताणली जातात, म्हणजे तुलनेचा तळच वर सरकतो. ट्रे रोज जागा बदलून फिरवा.

मोजमाप

दुसरं पान अर्धं बाहेर आलं की मोजा. २० अंशाला हे पेरणीनंतर दहा ते बारा दिवसांत होतं. ट्रे पाण्यात बुडवून रेती सैल करा, रोप दाण्यासकट सोडवा, टिपकागदावर ठेवा. दाण्यापासून पहिल्या पानाच्या जिभलीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. जिभली म्हणजे पानाचं पातं आणि पर्णकोष यांच्या सांध्यावरचा पातळ पांढरा पडदा. नखाने पातं किंचित मागे ओढलं की तो दिसतो. काही जण रोपाची पूर्ण उंची मोजतात. तेही चालतं, पण पानाचं टोक वाळलेलं असेल तर घोळ होतो. पर्णकोषाची लांबी जास्त इमानदार आहे.

जीए दिलेलं उंच वाणाचं रोप पाहताच ओळखू येतं: पर्णकोष लांब, पान अरुंद, रंग फिकट पोपटी, रोप थोडं कललेलं. आरएचटी-बी१बी चं रोप शेजारच्या नियंत्रणासारखंच गडद आणि आटोपशीर उभं असतं.

प्रत्येक लाइनचं गुणोत्तर काढा: जीएमधली सरासरी भागिले नियंत्रणातली सरासरी. समजा उंच वाण नियंत्रणात ६० मिलिमीटर आणि जीएत ८१, तर १.३५. अर्धबुटका ४८ आणि ४९, तर १.०२. तुमची लाइन यांपैकी कुणाजवळ बसते ते बघायचं. कुठल्या तरी लेखातला ठरीव आकडा सीमारेषा म्हणून घेऊ नका. तापमान, रेती, उजेड बदलले की हे आकडे सरकतात, आणि म्हणूनच नियंत्रण वाण त्याच ट्रेमध्ये हवेत.

सांख्यिकीत पाहायचं ते लाइन आणि प्रक्रिया यांची आंतरक्रिया. ‘जीएने उंची वाढली’ हे तर उंच वाणानेच सिद्ध केलेलं असतं. तुमचा प्रश्न एवढाच: ही लाइन उंच वाणाइतकीच वाढली का, की कमी. प्रतिकृती म्हणून ट्रे धरा, एकेक रोप नाही. पाच रोपं एका ट्रेमध्ये असतील तर त्यांची सरासरी हा एक आकडा.

निकाल मधलाच आला तर

१.१५ सारखा अधांतरी आकडा आला की पहिली शंका बियाण्यावर घ्या. लाइन मिश्र असेल तर पंधरा रोपांत दोन स्पष्ट गट दिसतात. सरासरी काढण्याआधी एकेका रोपाचे आकडे कागदावर ठिपके म्हणून मांडा. दोन गट डोळ्यांना दिसतात, सरासरीला दिसत नाहीत.

दुसरं कारण: काही लाइनमध्ये आधीच पुरेसं जिबरेलिन असतं, त्यामुळे जास्त दिलेल्याचा फरक कमी दिसतो. यावर उपाय म्हणजे घरचा पुरवठा आधी तोडायचा. आंबा बागेत वापरतात ते पॅक्लोब्युट्राझॉल नेमकं हेच करतं, जिबरेलिन बनण्याच्या सुरुवातीच्या एका पायरीवर अडथळा आणतं. दोन्ही प्रकारच्या ट्रेंना १ पीपीएम पॅक्लोब्युट्राझॉल द्या, आणि जीएच्या ट्रेला त्यावर १० पीपीएम जीए३. आता नियंत्रणात सगळ्याच लाइन बुटक्या होतात. दाद देणारी लाइन जीएत उसळी मारते, न देणारी तिथेच बसते. ही रेती पुन्हा वापरू नका. पॅक्लोब्युट्राझॉल रेतीत टिकून राहतं आणि पुढच्या चाचणीतली उंच रोपंही बुटकी करून ठेवतं.

तिसरी शक्यता जनुकाचीच. लाइन जीएला दाद देते, पण उंच वाणाच्या पातळीला पोहोचत नाही, असं पुन्हा पुन्हा आलं तर बिघाड जिबरेलिनच्या बाहेर असू शकतो. सातूतलं उझू जनुक ब्रॅसिनोस्टेरॉइड या दुसऱ्या संजीवकाच्या ग्राहकातला बदल आहे, भातातलं डी६१ तसंच. अशा ठिकाणी ही चाचणी ‘बिघाड जिबरेलिनचा नाही’ एवढंच सांगते, आणि तेवढंच तिच्याकडून घ्यावं.

भातासाठी: अर्ध्या दाण्याची प्लेट

पूर्व विदर्भातल्या भात पैदासकारांना रोपाच्या चाचणीबरोबर ही प्लेटही उपयोगी पडेल. तत्त्व असं की अंकुर काढून टाकलेल्या दाण्यात स्वतःचं जिबरेलिन येत नाही. बाहेरून दिलं तर दाण्याच्या सालीखालचा अ‍ॅल्यूरोन थर आल्फा-अमायलेज हे विकर सोडतो आणि ते भोवतालचा स्टार्च खातं.

१०० मिलिलिटर पाण्यात १.५ ग्रॅम आगर, ०.२ ग्रॅम विद्राव्य स्टार्च आणि १४७ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट (१० मिलिमोलर) घालून ऑटोक्लेव्ह करा. ५० अंशापर्यंत निवू द्या, मग फिल्टर केलेलं जीए३ १ मायक्रोमोलर होईल इतकं टाका, म्हणजे लिटरला ०.३५ मिलिग्रॅम. दुसरी प्लेट जीएशिवाय. तांदळाचं टरफल हाताने सोला, ब्लेडने दाणा आडवा कापा, अंकुराचा अर्धा भाग फेका. उरलेले अर्धे २% हायपोक्लोराइटमध्ये वीस मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने धुऊन कापलेली बाजू आगरवर टेकवा. ३० अंशाला, अंधारात, तीन दिवस. नंतर दाणे काढून आयोडीनचं द्रावण ओता (०.१% आयोडीन, १% पोटॅशियम आयोडाइड).

प्लेट निळी-जांभळी होते, आणि अमायलेज सुटलेल्या जागी स्वच्छ वर्तुळ उरतं. एसडी१ असलेल्या वाणात जीएच्या प्लेटवर वर्तुळ दिसतं, कारण त्याची ग्रहणशक्ती शाबूत आहे. जीआयडी१ बिघडलेल्या रोपात दोन्हीकडे काहीच नाही. एसएलआर१ निकामी झालेल्यात जीए न देताही वर्तुळ. दोन गोष्टी फसवतात: अंकुराचा कण राहिला तर तो स्वतः जिबरेलिन पुरवतो, आणि बुरशी किंवा जंतू वाढले तर त्यांचं अमायलेज खोटं वर्तुळ काढतं. वर्तुळाच्या मध्याला मऊ पांढरा थर दिसला तर ती जागा मोजू नका.

गव्हावर ही प्लेट वापरण्याचा मोह होतो. आरएचटी-बी१बी आणि आरएचटी-डी१बी यांचा अ‍ॅल्यूरोन जवळजवळ नेहमीसारखाच दाद देतो, त्यामुळे प्लेटवर सगळे ‘उंच’ दिसतील. फक्त आरएचटी-बी१सी, जुन्या नावाने आरएचटी३, या अतिबुटक्या अलीलमध्ये अमायलेज खूप कमी सुटतं.

डीएनएने पक्कं करताना

रोपाची चाचणी ‘दाद देत नाही’ म्हणाली तर पुढे बी१बी की डी१बी हे पीसीआरने कळतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्राइमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) थेट त्या बदललेल्या अक्षरावर संपतात. बी१ च्या दोन्ही अलीलसाठी जेलवर २३७ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा) पट्टा येतो, डी१बी साठी २५४, आणि मूळ डी१ए साठी २६४. प्रत्येक नमुन्यावर मूळ आणि बदललेलं अलील या दोन्हींच्या अभिक्रिया चालवा. पट्टा न दिसणं म्हणजे अलील नाही, की पीसीआरच फसला, हे एका अभिक्रियेवरून कळत नाही. दोन्हीत पट्टा आला तर लाइन मिश्र किंवा विषमयुग्मी (दोन वेगळी अलील असलेली) आहे, किंवा जोडणीचं तापमान कमी पडून प्राइमर एका अक्षराचा फरक सोडून देतोय. आधी तापमान एकेका अंशाने वाढवून पाहा, आणि तरीही दोन्ही पट्टे राहिले तर बियाण्याकडे वळा.

बन्सीसारख्या ड्युरम गव्हाला डी जनुकसंचच नाही. त्याच्या नमुन्यात डी१ च्या दोन्ही अभिक्रिया रिकाम्या येणार. बी१ चा पट्टा आला असेल तर डीएनए चांगला आहे, विनाकारण पुन्हा काढत बसू नका. भाताच्या एसडी१ साठी काम सोपं: डी-जिओ-वू-जेन अलीलमध्ये ३८३ बेस-जोड्यांचा तुकडाच गायब आहे, दोन्ही बाजूंना प्राइमर ठेवले की बुटक्याचा पट्टा तेवढा आखूड दिसतो.

संकराच्या दुसऱ्या पिढीत

इथे प्रत्येक रोप वेगळं, त्यामुळे त्याला नियंत्रण देता येत नाही. सगळ्या रोपांना जीए द्या आणि त्याच ट्रेमध्ये दोन्ही पालकांची प्रत्येकी दहा रोपं ठेवा. उंच पालकाइतकं लांब झालेलं रोप दाद देणारं, बुटक्या पालकाएवढं राहिलेलं न देणारं. विषमयुग्मी रोपं मध्ये लटकतात, म्हणून निवड फक्त टोकांची करा. एका जनुकाचा मामला असेल तर चारात एक रोप पूर्ण दाद देणारं निघतं. असं किमान एक मिळण्याची ९५% खात्री हवी तर ११ रोपं पुरतात, ९९% हवी तर १७.

दोन न दाद देणाऱ्या लाइनमध्ये एकच जनुक आहे की वेगवेगळी, हेही याच रीतीने ठरतं. दोघींचा संकर करा, दुसऱ्या पिढीची रोपं जीएवर तपासा. जनुकं वेगळी असतील तर सोळात एक रोप लांब होईल. त्यासाठी किमान ४७ रोपं हवीत, शंभर घेतली तर बरं. शंभरात एकही लांब झालं नाही, तर दोघींचं जनुक एकच मानून पुढे चला. मोजून झालेली निवडक रोपं मुळं ओली ठेवून संध्याकाळी शेतात लावता येतात. जीएने लांबलेली रोपं पहिले काही दिवस आडवी पडतात, त्यांना काडीचा आधार द्या. नवी पानं नेहमीसारखी येतात.

ज्वारीला ही रीत लावू नका. तिच्यातलं डीडब्ल्यू३ हे जनुक ऑक्झिन या संजीवकाची वाहतूक करणारं प्रथिन बनवतं. त्याच्या बुटक्या अलीलमुळे खालची पेरं आखडतात, म्हणून रोपावस्थेत काही कळतच नाही. या अलीलमध्ये ८८२ बेस-जोड्यांचा तुकडा लागोपाठ दोनदा आलेला आहे, आणि संकरणाच्या वेळी जुळणी सरकली की एक प्रत गळून जनुक पुन्हा कामाला लागतं. ज्वारीच्या बीजोत्पादन प्लॉटमध्ये मधूनच दिसणारं उंच ताट दर वेळी भेसळीचंच असतं असं नाही, तेच बियाणं असं उलटलेलंही असू शकतं. प्लॉट नाकारण्याआधी त्या ताटाची कणसाची ठेवण, दाण्याचा रंग आणि पानाच्या शिरेचा रंग शेजारच्या ताटांशी जुळवून पाहा. फक्त उंची वेगळी आणि बाकी सगळं तेच असेल, तर ताट फुलोऱ्याआधी उपटा आणि नोंदवहीत ‘भेसळ’ऐवजी ‘उंच उलट’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.